हायब्रीड भात लावू की नको? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रायगड जिल्ह्यात भात करते आणि पावसाळ्याआधी गावोगावी प्रात्यक्षिकांच्या बैठकांना जाते. अक्षय तृतीया झाली की फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. ज्या खाचरात पाणी हाताशी आहे, निचरा आहे आणि लावणी वेळेत होते, तिथं हायब्रीड लावावंच. बाकीच्या खाचरांत चांगली सुधारित जात सोडू नये. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

१. हायब्रीड भात म्हणजे नेमकं काय? जया, रत्ना, कर्जत या जातींपेक्षा ते वेगळं कसं?

भाताचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं. म्हणून जया, कर्जत-३ किंवा इंद्रायणीचा दाणा ठेवून पेरला की पुढच्या वर्षी तसंच पीक येतं. हायब्रीडमध्ये दोन वेगळ्या वाणांचा मुद्दाम संकर करतात आणि त्या संकराची पहिली पिढी आपण पेरतो. या पहिल्या पिढीत आईबापांपेक्षा जास्त जोम असतो. मुळं खोल आणि दाट, फुटवे लवकर, लोंबी लांब, दाणे जास्त. हायब्रीड ज्वारी आपल्याकडे १९६४ पासून आहे, तेव्हा ही कल्पना आपल्याला नवी नाही.

भातात ते उशिरा जमलं, कारण एकाच इवल्या फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. ज्याचे पराग वांझ आहेत असं झाड मिळेपर्यंत मोठ्या प्रमाणावर संकर करणं शक्यच नव्हतं. असं झाड १९७० मध्ये चीनच्या हायनान बेटावर रानभातात सापडलं. चिनी भातशास्त्रज्ञ युआन लाँगपिंग आणि त्यांचे सहकारी त्याच्या शोधात होते. १९७६ पासून चीनमध्ये हायब्रीड भात शेतकऱ्यांच्या शेतात गेला. आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं १९८९ मध्ये जोमानं काम सुरू केलं आणि १९९४ मध्ये पहिली हायब्रीडं आली. कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्रानं १९९८ मध्ये ‘सह्याद्री’ दिलं. म्हणजे आपल्या दारात हे वाण येऊन पाव शतक उलटून गेलं.

२. हे जीएम बियाणं आहे का? खायला धोका नाही ना?

जीएम नाही. दोन भातांचा परागानं केलेला संकर आहे, बाहेरचं कुठलंही जनुक त्यात घातलेलं नाही. भारतात जीएम भाताच्या लागवडीला परवानगीच नाही. २०२५ मध्ये केंद्र सरकारनं जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले, त्या बातमीमुळे हा गोंधळ वाढला. पण ते दोन्ही हायब्रीड नाहीत, तो विषय वेगळा.

खाण्याचा धोका एकाच ठिकाणी आहे. पिशवीतलं बियाणं औषध लावलेलं, बहुधा रंगीत असतं. उरलेलं बियाणं शिजवू नका आणि कोंबड्यांनाही टाकू नका.

३. एकदा विकत घेतलं की पुढच्या वर्षी घरचंच बी ठेवलं तर चालणार नाही का?

कायद्यानं कुणी अडवत नाही, पण निसर्ग अडवतो. हायब्रीडच्या पिकातला दाणा म्हणजे दुसरी पिढी. त्यात आईबापांचे गुण पुन्हा सुटे होतात. एक चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका) कमरेपर्यंत, शेजारचा गुडघ्याएवढा. एक लोंबी पिवळी पडलेली, दुसरी अजून पोटरीत, म्हणजे पानाच्या आवरणातच. काही रोपं तर वांझ निघतात आणि लोंबी पोचट राहते. कापणीची वेळ धरायची कुठली, हाच प्रश्न पडतो.

दरवर्षी घरी म्हणणारं कुणी ना कुणी असतंच, ‘एक वर्ष करून बघू या की.’ करून बघायचंच असेल तर एका कोपऱ्यात मूठभर पेरा आणि डोळ्यांनी पाहा. आख्खं खाचर त्यात घालू नका. घरचं बी ठेवणं ज्यांना जिवापाड वाटतं, त्यांनी प्रश्न १७ पाहावा.

४. साधं बियाणं ४०-५० रुपये किलो आणि हे ३०० रुपये. एवढं महाग कशासाठी?

कारण ते बनवणं फार जिकिरीचं आहे. बीजोत्पादनाच्या शेतात दोन ओळी नराच्या आणि आठ-दहा ओळी मादीच्या अशी लावणी करतात. दोघांचा फुलोरा एकाच दिवसांत यावा म्हणून पेरणीच्या तारखा मागेपुढे ठेवाव्या लागतात. मादीची लोंबी पोटरीतून पुरती बाहेर पडत नाही, म्हणून जिबरेलिक आम्ल हे वाढीचं औषध फवारतात. आजूबाजूच्या भाताचा पराग उडून येऊ नये म्हणून शंभर मीटर अंतर तरी सोडावं लागतं, नाहीतर फुलोऱ्याच्या वेळेत तीन आठवड्यांचं अंतर राखावं लागतं.

मी पहिल्यांदा असं शेत पाहिलं ते सकाळी साडेदहाच्या सुमारास. ऊन चढलं होतं, वारा पडलेला. दोन माणसं दोन बांधांवर उभी राहून एक लांब दोरी नराच्या ओळींवरून ओढत होती. दोरी पुढे सरकली की मागे पिवळसर धूर उठल्यासारखा दिसायचा आणि मादीच्या लोंब्यांवर बसायचा. अर्ध्या तासानं पुन्हा दोरी, पुन्हा धूर. भाताचा पराग काही मिनिटंच जिवंत राहतो, म्हणून फुलोरा चालू आहे तोवर दररोज हेच करायचं. मी मादीचं एक फूल उघडून पाहिलं. परागकोश पांढुरके, सुकल्यासारखे. शेजारच्या नराचे पिवळेधमक, टपोरे. एवढं करूनही बीजोत्पादनाच्या शेतात साध्या भातापेक्षा खूप कमी दाणा भरतो. तीनशे रुपये कुठे जातात ते त्या दिवशी मला कळलं.

५. उत्पन्न खरंच किती वाढतं?

चांगल्या व्यवस्थापनात हेक्टरी साधारण एक ते दीड टन जास्त, म्हणजे एकरी चार ते सहा क्विंटल. ही वाढ चांगल्या सुधारित जातीच्या तुलनेत आहे. गावठी भाताशी तुलना केली तर फरक याहून मोठा दिसेल, पण ती तुलना फसवी आहे. बैठकीत कुणी ‘दुप्पट’ म्हणालं तर त्याला विचारा, कशाच्या दुप्पट?

पाणी तुटलं, लावणी लांबली किंवा खत कमी पडलं तर हा फरक शून्यावर येतो. कधी उलटाही होतो. माझाच अनुभव प्रश्न ८ मध्ये आहे.

६. मग पैशांचा हिशेब जमतो का?

एक एकर धरू. हायब्रीड बियाणं ६ किलो, ३०० रुपयांनी १,८०० रुपये. सुधारित जातीचं बियाणं १५ किलो, ४५ रुपयांनी ६७५ रुपये. फरक ११२५. नत्र एकरी आठ किलो जास्त द्यायचं, म्हणजे सुमारे १७ किलो युरिया, त्याचे शंभर-सव्वाशे. वाढीव खर्च साडेबाराशेच्या आसपास. घरचंच बी वापरत असाल तर वाढीव खर्च पंधरा-सोळाशेपर्यंत जाईल.

२०२५-२६ च्या हंगामाचा साधारण भाताचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल होता. त्या भावानं एकरी अर्धा-पाऊण क्विंटल भात जास्त आला की वाढीव खर्च निघतो. चार क्विंटल जास्त आला तर हातात आठ हजारांच्या आसपास राहतात. व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली विकलं तर त्या प्रमाणात कमी.

लावणीची मजुरी, चिखलणी, कापणी दोन्हीकडे सारखीच लागते, म्हणून ती धरलेली नाही. मला हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आज कोकणात भात परवडत नाही तो मजुरीमुळे. त्याच मजुरीत, त्याच खाचरातून चार पोती जास्त निघत असतील तर ते खाचर ओस पडण्यापासून वाचेल.

७. आमच्याकडे हळवी, निमगरवी, गरवी (लवकर, मध्यम, उशिरा येणाऱ्या भाताची) अशी तिन्ही जमीन आहे. कुठलं हायब्रीड कुठे?

आधी खाचर पाहा, मग पिशवी. वरकस, उताराच्या, पाऊस थांबला की आठ दिवसांत फाटणाऱ्या जमिनीत हायब्रीड नको. तिथं कमी दिवसांची सुधारित जातच बरी. खोलगट, कमरेएवढं पाणी तुंबणाऱ्या खाचरातही नको, कारण एक-दोन रोपांचा चूड बुडून जातो. मधल्या पट्ट्यातलं, पाणी भरता येतं आणि सोडताही येतं असं खाचर निवडा.

कर्जतच्या वाणांत सह्याद्री-२ आणि सह्याद्री-४ लवकर येणारी, सह्याद्री-३ मधली, सह्याद्री-५ उशिरा येणारी आहेत. खाजगी कंपन्यांच्या पिशवीवर पक्व होण्याचे दिवस छापलेले असतात. ते वाचून आपल्या खाचराशी जुळवा. दुकानदार जे हातात देईल ते घेऊ नका.

परतीच्या पावसाचा विचार विसरू नका. फार लवकर येणारं वाण सप्टेंबरच्या शेवटी तयार होतं आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळतो. जड लोंब्यांचं पीक आडवं पडलं की दाण्याला कोंब येतात. ज्या गावात दसऱ्यापर्यंत पाऊस सोडत नाही, तिथं मधल्या मुदतीचं वाण घ्या.

८. रोप आणि लावणीत काय वेगळं करायचं? आम्ही तर एका चुडात चार-पाच काड्या (रोपं) लावतो.

इथेच सगळं ठरतं, म्हणून सविस्तर सांगते.

एकराला ६ किलो बी पुरतं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मोजून बघा. एका किलोत चाळीस हजारांच्या वर दाणे असतात. सहा किलोचे अडीच लाख. २० बाय १५ सेंटिमीटरवर लावलं तर एकरात सुमारे एक लाख पस्तीस हजार चूड बसतात. काही उगवलं नाही, काही खेकड्यानं खाल्लं, तरी प्रत्येक चुडाला एक-दोन काड्या मिळतातच. एका काडीला पंधरा-वीस फुटवे येण्याची ताकद या वाणात आहे. चार काड्या एकत्र कोंबल्या की त्या एकमेकींशी भांडतात आणि पैसे चिखलात जातात.

बी विरळ टाका. एकरासाठी चार गुंठे तरी गादीवाफा हवा. दाट तरव्यातलं रोप लांबुडकं आणि पांढरं होतं, त्याला पुढे फुटवा येत नाही.

बी मिठाच्या पाण्यात घालून तरंगणारं काढायची आपली जुनी सवय आहे आणि सुधारित जातींसाठी ती चांगलीच आहे. हायब्रीडला मात्र ती लावू नका. संकरित दाण्याची टरफलं कधी कधी पुरती मिटलेली नसतात, त्यामुळे चांगलं बीही वर तरंगतं. शिवाय पिशवीतल्या बियाला औषध आधीच लावलेलं असतं.

रोप २१ ते २५ दिवसांचं झालं की लावायचं. यात हयगय नाही. एका वर्षी जूनच्या शेवटी पाऊस गेला तो जुलैच्या मध्यापर्यंत आलाच नाही. माझं रोप गादीवाफ्यावरच ४५ दिवसांचं झालं. महाग बी आहे, टाकवेना, म्हणून लावलं. काडी लावली तेव्हाच तिला गाठ धरलेली होती. फुटवे जेमतेम पाच-सहा आले, लोंब्या आखूड. शेजारच्या खाचरात कर्जत-३ होती, तिचं रोपही तेवढंच जुनं, पण चुडात चार काड्या असल्यामुळे तिनं मला हरवलं. तेव्हापासून मी बी एकदम टाकत नाही. निम्मं आज, निम्मं दहा दिवसांनी.

९. खत किती आणि कधी? युरिया-डीएपीच्या गोळ्या चालतात का?

हेक्टरी १२० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश ही कोकणातली शिफारस. सुधारित जातींपेक्षा २० किलो नत्र जास्त. सगळं नत्र एकदम टाकू नका. चिखलणीला, फुटवे येताना आणि लोंबी पोटरीत असताना असं तीनदा विभागून द्या. धो धो पावसात फेकलेला युरिया बांधावरून ओढ्याला जातो.

म्हणूनच गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, मला फार आवडतात. आपल्याकडच्या चारसूत्री पद्धतीत १५ आणि २५ सेंटिमीटर असं आलटून पालटून अंतर ठेवून लावणी करतात, आणि चार चुडांच्या मध्ये एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. खत मुळाशी राहतं, वाहून जात नाही. हायब्रीडची मुळं खोल जात असल्यामुळे त्याला हे चांगलं मानवतं. गोळ्या खोचायला माणूसबळ लागतं ही अडचण खरी आहे. निदान एका खाचरात करून पाहा. गिरिपुष्पाचा पाला आणि भाताच्या तुसाची राख ही बाकीची सूत्रंही जोडीला घ्या, ती फुकटची आहेत.

१०. हायब्रीडवर रोगराई जास्त येते म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. वाणावाणांत फरक आहे, पण दाट, हिरवंगार, नत्रावर वाढलेलं पीक तपकिरी तुडतुडे आणि कडा करपा यांना आवडतं, मग ते हायब्रीड असो वा नसो. आभासमय काजळी, म्हणजे दाण्याच्या जागी येणारी पिवळी-काळी मखमली गाठ, हायब्रीडवर जास्त दिसते हे मी मान्य करते. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ हवा आणि जास्त नत्र असलं की ती येते. नत्राचा तिसरा हप्ता हात राखून द्या.

तुडतुड्यांसाठी चुडाच्या बुंध्याशी पाहा, पानावर शोधून उपयोग नाही. दहा-बारा ओळींनंतर एक ओळ रिकामी ठेवली की वारा खेळतो आणि फवारणीला वाटही मिळते. औषध कुठलं हे फोनवर विचारू नका. किडीचा फोटो घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) जा.

११. भात चिकट होतो, वेगळाच वास येतो अशी घरच्यांची तक्रार आहे.

ही तक्रार खरी होती आणि तिचं कारणही माहीत आहे. सुरुवातीच्या अनेक भारतीय हायब्रीडांची आई एकच, फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून आलेली आयआर ५८०२५ ए. तिच्यात थोडा चिकटपणा आणि मंद वास होता, तो लेकरांत उतरला. बासमतीला वास हवा, पण रोजच्या भाताला असा वास लोकांना नको असतो. पुढे नवे वाण या दृष्टीनंही निवडले गेले आणि आज सगळी हायब्रीडं तशी नाहीत.

नवा तांदूळ कुठल्याही जातीचा असला तरी चिकट होतोच. तीन-चार महिने मुरल्यावर शिजवा आणि मग ठरवा. मी सांगते तो मार्ग सोपा आहे. ज्यानं हे वाण लावलं आहे त्याच्याकडून दोन किलो तांदूळ आणा, घरात भात आणि भाकरी दोन्ही करा. जी रोज थापते तिला भाकरी उलथताना तुटते का ते विचारा. घरातल्या बाईनं नापसंत केलेलं वाण दुसऱ्या वर्षी खाचरात राहत नाही, हे मी अनेक गावांत पाहिलं आहे.

१२. गिरणीवाला म्हणतो कणी जास्त पडते. खरेदी केंद्रावर हायब्रीड घेतात का?

खरेदी केंद्रावर वाणाचं नाव बघत नाहीत, ओलावा आणि दर्जा बघतात. ओलावा १७ टक्क्यांच्या आत हवा. आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ आणि इतरत्र मार्केटिंग फेडरेशनची केंद्रं असतात. नोंदणी वेळेत करा.

कणीचा वाद मोठा आहे. सरकारी भरडाईत १०० किलो भाताला ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो. हायब्रीडमध्ये तेवढा उतारा पडत नाही, कणी होते, अशी तक्रार पंजाबातल्या गिरणीवाल्यांनी केली. २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं हायब्रीड भाताच्या बियाण्याच्या विक्रीवर बंदी घातली आणि उच्च न्यायालयानं ती पुढे रद्द केली. माझ्या मते तक्रारीत तथ्य काही वाणांपुरतं आहे, सरसकट नाही.

आपल्या हातातलं सांगते. ८०-९० टक्के दाणे सोनेरी झाले की कापा, सगळं शेत वाळून खडखडेपर्यंत थांबू नका. झोडलेला भात भर दुपारच्या उन्हात डांबरी रस्त्यावर पसरू नका. जोरात वाळलेल्या दाण्याला आत चीर जाते आणि ती गिरणीत कणी होऊन दिसते.

१३. खारवट जमिनीत किंवा गोव्यातल्या खाजणात चालेल का?

नको. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या खार जमीन केंद्राचे पनवेल-१, २, ३ आहेत. गोव्यात कोरगुट या तिथल्या जुन्या जातीतून निवडलेले गोवा धान आहेत. महाग बियाणं मिठात घालवू नका.

१४. उन्हाळी भाताला, म्हणजे वायंगणाला, हायब्रीड घेऊ का?

कालव्याचं किंवा बंधाऱ्याचं पाणी शेवटपर्यंत खात्रीनं मिळणार असेल तर अवश्य घ्या. उन्हाळ्यात ऊन भरपूर असतं, ढग नसतात, करपा कमी असतो. माझ्या पाहण्यात हायब्रीडचा जोम पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त दिसतो. अडचण थंडीची आहे. डिसेंबर-जानेवारीत रोप वाढत नाही, पिवळं पडतं. त्यामुळे २१ दिवसांचा नियम इथे जरा सैल करावा लागतो. चार-पाच पानं झाली की लावा.

१५. आम्ही गोंदियाचे. आमच्याकडे बांधीत पऱ्हे टाकून रोवणी (खाचरात रोप तयार करून लावणी) करतात. हे सगळं आम्हालाही लागू पडतं का?

रोपाचं वय, एका चुडात एक-दोन काड्या, विभागून नत्र, हे सगळं लागू पडतं. दोन गोष्टी वेगळ्या. पहिली गादमाशी. पोंगा चंदेरी नळीसारखा होतो आणि त्या फुटव्याला लोंबी येत नाही. पूर्व विदर्भात ही कीड दरवर्षीची आहे, म्हणून गादमाशीला प्रतिकारक नसलेलं हायब्रीड घेऊ नका. त्याची माहिती सिंदेवाही किंवा साकोलीच्या भात संशोधन केंद्रात मिळेल.

दुसरी गोष्ट बाजाराची. तुमच्याकडे एचएमटी, जय श्रीराम अशा बारीक तांदळाला चांगला भाव मिळतो. हायब्रीडचा दाणा बहुधा त्यापेक्षा जाड असतो. चार क्विंटल जास्त पिकलं पण क्विंटलमागे पाचशे रुपये कमी मिळाले तर प्रश्न ६ मधला हिशेब कोलमडतो. हमीभावाला विकायच्या भातासाठी हायब्रीड आणि बाजारात बारीक म्हणून विकायच्या भातासाठी तुमची नेहमीची जात, अशी बांध्यांची वाटणी करा. मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी ज्या बांधीला शेवटच्या पाळीपर्यंत पोचतं ती बांधी आधी निवडा.

१६. बियाणं उगवलंच नाही किंवा भेसळ निघाली तर काय करायचं?

पेरण्याआधीच तयारी ठेवा. पक्की पावती घ्या, तिच्यावर वाणाचं नाव आणि लॉट क्रमांक लिहून घ्या. पिशवी खालच्या बाजूनं फोडा म्हणजे लेबल शाबूत राहतं. मूठभर बी पिशवीतच ठेवून ती वळचणीला नको, कोरड्या जागी ठेवा. बैठकीत मी हे दरवर्षी सांगते, आणि ज्याच्यावर वेळ येते त्याच्याकडे नेमकी पावती नसते.

उगवण कमी वाटली तर आठवड्याच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तालुका स्तरावरची तक्रार निवारण समिती येऊन पंचनामा करते. भेसळ फुलोऱ्यात ओळखू येते. तेव्हा तक्रार करा, कापून झाल्यावर दाखवायला काही उरत नाही. समितीचा अहवाल हातात असेल तर ग्राहक न्यायालयातही जाता येतं. शेतकरी हा बियाण्याचा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

१७. सगळ्यांनी हायब्रीड लावलं तर आपल्या गावठी जाती संपणार नाहीत का?

ही भीती मला खरी वाटते आणि ती झटकून टाकणाऱ्यांचा मला राग येतो. वाडा कोलम, आजऱ्याचा घनसाळ, भंडाऱ्याचा चिन्नोर या जातींना चव आहे, नाव आहे, भाव आहे. त्या काढून हायब्रीड लावा असं मी कुणालाही सांगणार नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या ओळखल्या, वर्षानुवर्षं निवडल्या आणि त्यातून एचएमटी दिला. शेतकऱ्याच्या हातात बी असतं म्हणूनच हे घडू शकलं. हायब्रीडचं बी दरवर्षी विकतच घ्यावं लागतं, म्हणून तिथं असं घडत नाही (कारण प्रश्न ३).

माझ्या घरी चार खाचरांत हायब्रीड, दोनांत कर्जत-३ आणि देवघराच्या मागच्या अर्ध्या गुंठ्यात सासूबाईंचा लाल भात आहे. त्या लाल भाताची पेज बाळंतिणीला लागते. तो विकायचा नसतो.

१८. अनुदान मिळतं का?

केंद्राच्या अन्नसुरक्षा अभियानातून संकरित भाताच्या बियाण्यावर आणि प्रात्यक्षिकांवर अनुदान मिळत आलं आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. रक्कम आणि वाण दरवर्षी बदलतात, म्हणून मे महिन्यातच सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. अनुदानाच्या यादीत आहे एवढ्याच कारणानं तुमच्या खाचराला न जुळणारं वाण घेऊ नका.

१९. मला पटलं आहे, पण गावात कुणी ऐकत नाही. लोकांना कसं पटवू?

बोलून पटत नाही. ज्यांनी भाताकडून वर्षानुवर्षं मार खाल्ला आहे ती माणसं नवं काही दिसलं की आधी मागेच सरकणार. हायब्रीड ज्वारीच्या वेळी कणसं पावसात काळी पडलेली ज्यांनी पाहिली, त्यांच्या घरात ‘हायब्रीड’ हा शब्दच वाईट अर्थानं वापरतात. त्यांना वेडं ठरवू नका.

रस्त्याच्या कडेचं एकच खाचर घ्या. मध्ये बांध घालून पाच गुंठे हायब्रीड आणि पाच गुंठे गावात चालणारी जात लावा. एकाच दिवशी, एकाच माणसांनी, आपापल्या शिफारशीप्रमाणे. सगळा खर्च वहीत लिहा. लावणीला येणाऱ्या बायकांना आदल्या दिवशी बोलावून एक-एक काडी का लावायची ते खाचरातच दाखवा. वर्षानुवर्षं मूठभर रोप खोचणाऱ्या हाताला एक काडी लावायला वेळ लागतो, पहिल्या दिवशी मजुरी थोडी जास्त पडेल ती द्या. मालकाला पटलं आणि लावणाऱ्या बायकांना कुणी सांगितलंच नाही, म्हणून फसलेली प्रात्यक्षिकं मी स्वतः पाहिली आहेत.

फुलोऱ्यात लोकांना बोलावू नका, तेव्हा सगळीच शेतं छान दिसतात. कापणीच्या दिवशी बोलवा. दोन्हीकडचा एक-एक गुंठा त्यांच्यासमोर कापा, त्यांच्याच हातानं झोडा, त्यांच्याच काट्यावर तोला. मागच्या वर्षी एका पाड्यावर हे केलं तेव्हा एका आजोबांनी दोन्हींची एक-एक लोंबी खिशात घातली आणि ओट्यावर बसून दाणे मोजले. गावच्या जातीचे १३८, हायब्रीडचे २११. मग त्यांनी विचारलं, पोचट किती? तेही मोजले. हायब्रीडमध्ये ३४ पोचट होते, गावच्या जातीत १५. वजा करून पाहिलं आणि म्हणाले, ‘यंदा पाच गुंठ्यांचं बी आण.’ सगळ्या शेताचं मागितलं नाही. पाचच गुंठ्यांचं.

वजन कमी भरलं तर तेही लोकांसमोर तसंच सांगा, आणि का कमी भरलं ते त्यांच्याबरोबर शोधा. वही सगळ्यांना वाचायला द्या.